चौथा खांदा

१

उधन्याच्या वस्तीतून सुरत शहरात यायचे तर मध्ये एक खाडी लागते. भरतीला तिच्यात राखाडी पाणी चढते, ओहोटीला नुसता चिखल उरतो, आणि त्या चिखलात बगळे कंटाळल्यासारखे उभे असतात. अडुसष्टच्या उन्हाळ्यात या खाडीवरचा पूल रहदारीला खुला झाला. त्याला कोणी नाव दिले नाही. लोक ‘नवा पूल’ म्हणू लागले, आणि दोन पावसाळे उलटले तरी तो नवाच राहिला.

मुकुंद नेवासकर शहरातल्या एका शाळेत इतिहास शिकवीत असे. रोज सकाळी तो या पुलावरून पायी जाई आणि संध्याकाळी पायीच परते. उजव्या हातात वह्यांची जड कापडी पिशवी आणि डाव्या हातात, ऋतू कोणताही असो, छत्री. पिशवी उजव्याच हातात असण्याला कारण होते. लहानपणी तो चिंचेवरून पडला होता, तेव्हापासून डाव्या बाजूला वजन घेतले की त्याच्या खांद्यात बारीक कळ येई.

सत्तरच्या ज्येष्ठात एका सकाळी शिक्षकांच्या खोलीत पिशवी टेबलावर ठेवताना ती कळ आली. मुकुंदने पाहिले तर पिशवी डाव्या हातात होती. घरून निघताना ती उजव्या हातात होती, याविषयी त्याला शंका नव्हती. मग हात कधी बदलला?

दुसऱ्या दिवशी त्याने लक्ष ठेवायचे ठरवले, पण पुलावर एका ट्रकचा कर्णा वाजला, तो कठड्याला सरकला, आणि पुढे पाहतो तर पिशवी पुन्हा डाव्या हातात. त्यानंतर मात्र तो खिसेकापूवर नजर ठेवावी तशी स्वतःच्या हातांवर नजर ठेवून चालला. पुलाच्या मध्यावर, मधल्या खांबाच्या डोक्यावर, डांबरात एक आडवा सांधा होता. तिथे त्याची पावले मंदावली. छत्री उजव्या हातात आली, पिशवी डाव्या हातात गेली, आणि पावले पुन्हा चालू लागली. यात बळजबरी अशी काही नव्हती. शिंक यावी तसे ते आले आणि गेले.

पूल मध्यभागी किंचित उंच असतो, चढ संपला की शरीर आपला भार सावरते, असे त्याने स्वतःला समजावले. उत्तर प्रश्नाला बसत होते. बसलेले उत्तर शिक्षकाला सहसा पुरते.

२

त्या वर्षी शाळेच्या वार्षिक अंकासाठी शहरातल्या पुलांचा इतिहास लिहिण्याचे काम मुकुंदकडे आले होते. विषय त्याच्या आवडीचा होता. तापीवर लोखंडी पूल होण्यापूर्वी रांदेरला जाणारा माणूस होडीत बसे, नदीला हात जोडी, आणि पाण्याच्या मर्जीने पलीकडे पोचे. पूल झाला आणि त्या माणसाचा पादचारी झाला. मुकुंदचे म्हणणे असे की, पुलाने अंतर कमी होते हे खरे, पण आपण ओलांडत आहोत ही जाणीवही त्याबरोबर जाते. होडीतल्या माणसाला आपण मध्यावर आलो हे ठाऊक असते, पुलावरच्याला ते कळत नाही. आणि लोकाचारात मध्य ही जागा कधीच निरुपद्रवी नसते. उंबरठ्यावर बसू नये, तिन्हीसांजेला निजू नये, वेशीत थांबू नये, हे सगळे त्या एकाच भयाचे आविष्कार आहेत.

पूल पाहत बसण्यासाठी त्याने छगनच्या पिठाच्या गिरणीची ओसरी निवडली. गिरणी उधन्याच्या बाजूला पुलाच्या तोंडाशीच होती. छगन अस्सल सुरती माणूस, पण गिऱ्हाइके निम्मी मराठी. त्यामुळे त्याचे मराठी त्याच्या पिठासारखे होते, थोडे जाडसर, पण चालणारे.

“काय बघता, मास्तर? पूल पळून नाय जाणार. सरकारी माल छे.”

“लोक बघतोय, छगनभाई.”

“लोक फुकट बघायला मिळतात, म्हणून बघता. बसो, चा पियो.”

मुकुंद बसला. भाजीच्या पाट्या घेतलेल्या बाया आल्या. सांध्याशी आल्यावर पहिली थांबली, तिने पाटी डोक्यावरून उचलून कमरेला घेतली, आणि तिच्यामागची तिच्यासारखीच थांबली. एक दूधवाला सायकल हाताने ढकलत आला आणि सांध्याशी हँडलच्या दुसऱ्या बाजूला गेला. कडेवर मूल घेतलेल्या बाईने मूल दुसऱ्या कडेवर घेतले. मग दोन हमाल लाकडी कपाट घेऊन आले. सांध्याशी त्यांनी ते खाली ठेवले, पुढचा मागे गेला, मागचा पुढे आला, आणि कपाट उचलून ते चालू लागले. दोघांत एका शब्दाची देवाणघेवाण झाली नव्हती.

“छगनभाई, हे पाहिलंत? सगळे एकाच जागी हात बदलतात.”

छगनने डोळे बारीक करून पाहिले. “ए तो थाकी जाय माणस. अर्ध्या वाटेत दमतात.”

“सगळे त्याच जागी दमतात?”

“तुम्ही शाळेत घंटा वाजली की दमता, तसे.” स्वतःच्या विनोदावर खूश होऊन छगन उठला. “थांबा, मी जाऊन दाखवतो. माझा खांदा तुमच्यासारखा भणेला-शिकलेला नाय.”

त्याने पिठाचा डबा उजव्या खांद्यावर घेतला, पूल ओलांडला, पलीकडे पोचता केला आणि रिकाम्या हातांनी डुलत परत आला. “जोयुं? कुठे बदलला? सांगा.”

मुकुंदने त्याच्याकडे पाहिले. छगनच्या काळ्या बंडीवर उजव्या खांद्याला पिठाचा पांढरा पट्टा होता. तसाच एक डाव्या खांद्यालाही होता.

मुकुंदने चहा संपवला.

३

संध्याकाळी त्याने ही गोष्ट घरी सांगितली, ती गंमत म्हणून. रजनी पोळ्या लाटत होती. सुभद्राबाई, त्याची आई, ताटात तांदूळ घेऊन खडे वेचीत होत्या. कपाटाची हकिगत आली तेव्हा त्यांचे बोट तांदळात थांबले.

“खाली उतरवून ठेवतात?” त्यांनी विचारले. “आणि पुढचे मागे जातात?”

“हो.”

“मग ती विसाव्याची जागा आहे.”

रजनीने लाटणे थांबवून नवऱ्याकडे पाहिले. विसावा म्हणजे काय हे त्या घरात कोणाला सांगावे लागत नव्हते. प्रेत नेताना अर्ध्या वाटेवर तिरडी उतरवतात, खांदेकरी जागा बदलतात, आणि मग ती पुढे जाते. ज्या घरात नाना राहून गेले, त्या घरात ही क्रिया स्वयंपाकाइतकी परिचयाची होती.

नाना, म्हणजे मुकुंदचे वडील, नेवाशाहून तारखात्याच्या नोकरीवर सुरतेला आले, तेव्हा या बाजूला मराठी घरे मोजकी होती. परगावात माणूस मेले तर बांबू कुठे मिळतो इथपासून अडचण, आणि सगळ्यांत मोठी अडचण चार खांद्यांची. पुरुष कापडगिरणीच्या पाळीवर तरी असत, नाही तर गावी. नानांनी हे काम कोणी न सांगता अंगावर घेतले. कोणाच्याही घरून निरोप आला की ते टोपी घालीत आणि म्हणत, “तिघे जमवा, चौथा मी आहेच.” जात, ओळख, वैर, यांतले काही त्यांनी कधी विचारले नाही.

“माझ्या भावाच्या लग्नाला अक्षता पडून गेल्यावर पोचले होते मामंजी,” रजनी म्हणाली. “पण दुसऱ्या कामाला कधी उशीर नाही.”

“बारशाचं आमंत्रण विसरायचे,” सुभद्राबाई म्हणाल्या. त्या हसल्या, आणि हसू ओसरल्यावर नेहमीचे वाक्य आले. “चौथा गेला. आता माझ्या वेळी कुठून आणशील चार?”

“आई, वस्ती किती वाढलीय. माणसं आहेत.”

“आहेत रे. पाळीवर असतात.”

हे भय त्यांना नाना गेल्यापासून होते. मरणाचे भय त्यांना नव्हते. कुणी हातगाडीवर घालून नेईल, याचे होते.

नाना सदुसष्टच्या श्रावणात गेले. तापी दुथडी भरली होती म्हणून खाडीकाठच्या स्मशानात नेले. विसावा पडला तो पुलाच्या कामासाठी आणलेल्या दगडांच्या ढिगाजवळ. विसाव्याच्या जागी एक खडा उचलतात. त्याने मडके फोडतात, आणि मग दहा दिवस तो खडा म्हणजेच गेलेला माणूस. त्याला अश्मा म्हणतात, जीवखडा म्हणतात. त्यावर तिलांजली देतात, त्याला घरात आणीत नाहीत, आणि दहाव्याला पाण्यात सोडतात. पण सुरत ही गाळाची भूमी आहे. तिथे हात घालावा तिथे माती लागते, दगड लागत नाही. म्हणून मुकुंदने ढिगातला एक काळा दगड उचलला. क्रिया होईपर्यंत तो फडक्यात बांधून काठावरच्या बाभळीखाली ठेवला.

दहाव्या दिवशी बाभळीखाली फडकेही नव्हते आणि दगडही नव्हता. अश्मा हरवला तर तिलांजली पहिल्यापासून पुन्हा द्याव्यात, असे एक मत आहे. पण पाऊस लागला होता, भटजींना दुसरीकडे जायचे होते. “दुसरा घ्या,” ते म्हणाले, “भाव महत्त्वाचा.” मुकुंदने ढिगातला दुसरा दगड घेतला. पिंडाला कावळा तत्काळ शिवला. सगळ्यांना बरे वाटले. सुभद्राबाईंना तेवढे वाटले नाही. नानांना कुठेही इतक्या लवकर निघायची सवय नव्हती, असे त्या म्हणाल्या होत्या.

४

दगा त्यांच्याच चाळीत राहत असे. खानदेशातून आला तेव्हा आधी पुलाच्या कामावर होता, मग कापडगिरणीत लागला. मुकुंदने त्याला त्या दगडाविषयी सहज विचारल्यासारखे विचारले.

दगा बिडी पेटवता पेटवता थांबला. “बाभळीखाली कापडात बांधेल व्हता, तोच का? मास्तर, दगड कमी पडना तव्हा मुकादम बोंबलना, आजूबाजूना सगळा गोळा करा म्हने. आमनाच दगड व्हता तो, काळा, चांगला. कापड कोन्ही ठेवी गया आसं वाटनं. आमच्यातही ठेवतस जीवखडा, ठावं आसतं तर हात लावतू का मी?”

“कुठे टाकलात?”

“मधला खांब भरत व्हतूत.”

दगाने बिडी खिशात परत ठेवली. “तुमना बाप मना बापले खांदा दी गयता, मास्तर,” तो म्हणाला. “सांगू नका मायले.”

पण सुभद्राबाईंनी दारातून ऐकले होते.

मुकुंद विचार करणारा माणूस होता. खांब म्हणजे दगड, चुना आणि सिमेंट. त्यात एक दगड वेगळा कसा? आणि ज्या बाईने नानांचे नावही ऐकले नाही, तिने भाजीची पाटी तिथेच का उतरवावी? शहरातल्या ज्या पुलांच्या पायात माणूस पुरल्याच्या आवया उठतात, त्या पुलांवर कोणी थांबत नाही. भय असते तिथून माणूस पावले उचलतो. इथे तर लोक सावकाश होत होते, एकमेकांना जागा करून देत होते, जणू कोणीतरी जाणत्या माणसाने हळूच सांगितले होते की आता बदला. या जागेला भिववण्याची इच्छा दिसत नव्हती. तिला काम करायचे होते. ही कल्पना मुकुंदला भयापेक्षा अधिक अस्वस्थ करीत राहिली.

सुभद्राबाई संध्याकाळी भाजी आणायला पुलापर्यंत जाऊ लागल्या. भाजी अलीकडेही मिळत असे. मुकुंदला शाळेतून येताना त्या दिसत, कठड्याला हात लावून, सांध्याशी उभ्या. एकदा इथे का थांबतेस असे त्याने विचारले, तेव्हा त्या खालच्या पाण्याकडे पाहत होत्या.

“यंदा पाणी पुलाला लागेल का रे?”

“अडुसष्टला एवढा पूर आला, तरी पूल हलला नाही, आई. भिऊ नकोस.”

“भीत नाही मी,” त्या म्हणाल्या. पाहुणे कोणत्या गाडीने येणार, असे विचारावे तसा त्यांचा सूर होता. “पूल गेला तर दगड पाण्यात पडेल. एवढंच.”

मुकुंदने त्यांच्या हातातली भाजीची पिशवी घेतली, आणि दोघे घराकडे वळले. काही पावले गेल्यावर त्याने पाहिले. वह्यांची पिशवी त्याच्या डाव्या हातात होती.

५

भाद्रपदात पाणी आले. वर उकाईला धरण बांधणे चालू होते, पण पुरे व्हायला अवधी होता, आणि तापी अजून आपल्या मनाप्रमाणे वागत होती. खाडी उलटी भरली. पुलाच्या तुळयांना पाणी लागले आणि पोलिसांनी वाहने बंद केली.

त्याच सकाळी सुभद्राबाईंच्या पोटात कळा सुरू झाल्या. दुपारपर्यंत त्या हिरवे ओकू लागल्या. वस्तीतल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले आणि मुकुंदला बाहेर बोलावले. “आतडं अडकलंय. आजच्या आज शस्त्रक्रिया झाली तर वाचतील. उद्यावर ठेवू नका.” इस्पितळ शहरात होते, म्हणजे पुलापलीकडे.

रिक्षावाल्याने पुलाकडे बोट दाखवून मान हलवली. चाळीतले पुरुष पाळीवर गेले होते, किंवा पाण्याने पलीकडे अडकले होते. दगा घरी होता. छगन गिरणी बंद करून ओसरीवर बसला होता, तो न बोलावता उठला.

“आपण तिघं,” मुकुंद म्हणाला, आणि त्याचे त्यालाच ऐकू आले.

सुभद्राबाईंना खाटेवर निजवले. पुढे मुकुंद आणि छगन, मागे दगा एकटा, मधोमध, खाटेची पाटी दोन्ही खांद्यांवर तोलून. रजनी उजव्या बाजूने सासूच्या तोंडावर छत्री धरून चालत होती. पाऊस बारीक होता. पुलावर चिटपाखरू नव्हते. पायांखालून पाण्याचा आवाज येत होता, आणि तो आवाज खालून न येता पुढून येतो आहे असे वाटत होते.

“माजी, बस, आव्या आपणे, पोचलो,” छगन म्हणत होता. “मास्तर, तुमची आई हलकी छे. पाठ्यपुस्तक जड.”

सांध्याशी तिघे थांबले. थांबायचे नाही, असे मुकुंदने घरापासून घोकले होते. त्याचे गुडघे वाकले, छगनचे वाकले, मागे दगाचे वाकले, आणि खाट ओल्या डांबरावर अलगद टेकली. दगा पुढे आला. मुकुंद मागे गेला. छगन बाजू बदलून उभा राहिला. खाट उचलली, तेव्हा मुकुंदला कळले की आपण मागच्या बाजूला मधोमध उभे नाही आहोत. लहानपणापासून नानांच्या डाव्या बाजूने चालण्याची सवय असलेली त्याची पावले त्याला डाव्या कोपऱ्याशी घेऊन गेली होती.

उजवा कोपरा खाली जायला हवा होता. तो गेला नाही. खाट भरलेल्या ताटासारखी समतल राहिली आणि पुढे चालू लागली. मुकुंदच्या डाव्या खांद्यात कळ आली नाही.

आईचे डोके त्याच्या बाजूला होते. त्याने तिच्या तोंडावर नजर ठेवली, दुसरीकडे कुठेही नाही. वेदनेने मिटलेले तिचे डोळे उघडले आणि वर, उजव्या कोपऱ्याकडे वळले. तिथे ते थांबले. मग तिने हात वर नेला आणि ओला पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला, वडीलधाऱ्यांसमोर ओढतात तसा.

बाकी सगळ्याचा त्या क्षणी मुकुंदला विसर पडला. एकच आठवले. नानांनी आयुष्यात जिवंत माणसाला कधी खांदा दिला नव्हता.

पूल संपला. पलीकडे एक टेम्पो मिळाला. खाट उतरवून सुभद्राबाईंना आत निजवले, तेव्हा त्या कण्हत होत्या, श्वास चालू होता. छगनने घाम पुसत मागे पाहिले.

“पेला भाई क्यां गया?”

“कोण?”

“मागे खांद्याला लागलेला. चहा तरी पाजला असता बिचाऱ्याला.”

“मना बी तोच इचार,” दगा म्हणाला. “मागे दोन जन व्हतात ना? वजनच नही लागनं.”

मुकुंद रजनीकडे वळला. “तू उजवीकडे होतीस. कोण होतं?”

“मी सुरुवातीला होते उजवीकडे. खांदा बदललात, तेव्हा डावीकडे आले.”

“का?”

“उजवीकडे जागा नव्हती,” रजनी म्हणाली. म्हणून झाल्यावर तिने आपले शब्द ऐकले, आणि ती छत्री मिटायला लागली. ती मिटत नव्हती.

६

शस्त्रक्रिया झाली. आई वाचेल, असे डॉक्टरांनी सांगितले. पाणी उतरल्यावर मुकुंद कपडे आणायला घरी निघाला. रजनी इस्पितळातच राहिली.

पुलावर गाळाचा थर होता आणि लोकांच्या पावलांची वाट त्यातून पडली होती. मुकुंद रिकाम्या हातांनी चालत होता. पिशवी नव्हती, छत्री इस्पितळात राहिली होती. बदलायला काही नाही, असा विचार त्याच्या मनात आला आणि त्याला जरासे हसू आले.

सांध्याशी तो थांबला. त्याने मान उजवीकडे कलती केली, दोन्ही हात डाव्या खांद्यापाशी नेले, आणि तिथून काहीतरी उचलून मस्तकावरून उजव्या खांद्यावर घेतले.

त्याला वजन होते. माणसाइतके नव्हते. चौघांत वाटल्यावर एकाच्या वाट्याला येते तेवढे होते. ते वजन त्याच्या ओळखीचे होते.

पूल संपला तरी ते उतरले नाही. छगनच्या गिरणीपाशी तो थांबला नाही. चाळीचा ओटा चढला, कुलूप उघडले, बाहेरची खोली ओलांडली. स्वयंपाकघराच्या मधल्या दारात त्याचे गुडघे आपोआप वाकले, आणि खांदा मोकळा झाला. मग तो भिंतीला टेकून बसला आणि भर दुपारी, ओल्या कपड्यांनिशी, कितीतरी दिवसांनी गाढ झोपला.

सुभद्राबाई बऱ्या होऊन घरी आल्या, तेव्हा रजनीने दारात त्यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. त्या उंबरठ्यावर थबकल्या. त्यांची नजर बाहेरच्या खोलीतून थेट मधल्या दाराकडे गेली.

“मुकुंदा,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “अश्मा घरात आणत नाहीत.”

“कुठला अश्मा, आई? तो तर खांबात आहे.”

त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि भिंतीच्या कडेकडेने आत गेल्या.

७

बहात्तर साली उकाईचे धरण पुरे झाले. छगनने ओसरीवर येणाऱ्या-जाणाऱ्याला पेढे वाटले.

“यापुढे पूर नाय, मास्तर. तापी आता गाय झाली.”

मुकुंदने पेढा घेतला. पूर येणार नाही, म्हणजे पूल जाणार नाही, म्हणजे दगड पाण्यात पडणार नाही. हा हिशेब त्याने किती वेळा केला होता. तो पुलांचा इतिहास लिहिणारा माणूस होता आणि मनातून एका पुलाच्या पडण्याची वाट पाहत होता. लेख अपुराच राहिला होता. मध्याविषयीच्या वाक्यानंतर त्याला पुढे जाता आले नव्हते.

आई आजारी पडल्यापासून तो खाली मान घालून, हातांकडे न बघता पूल ओलांडीत असे. पेढा तोंडात असताना त्याने पुलाकडे पाहिले. भाजीची पाटी घेतलेली बाई सांध्याशी आली आणि पुढे गेली. सायकलवाला गेला. गाठोडे घेतलेला हमाल गेला. कोणी थांबले नाही, कोणी हात बदलला नाही. मुकुंद उठून उभा राहिला आणि बराच वेळ पाहत राहिला.

“छगनभाई, हल्ली कोणी बदलत नाही.”

“शुं?”

“हात.”

“ते तर केव्हाचं बंद. तुम्ही इस्पितळातून आलात, त्याच्या आसपास.” छगनने खांदे उडवले. “डांबर टाकलं ना नवं. सांधो पुरी दीधो.”

खरेच, सांधा दिसत नव्हता. कारण इतके साधे होते की मुकुंदला लाज वाटली. तो पुलावर परत गेला आणि पलीकडच्या टोकापासून पुन्हा घराकडे चालत आला, सावकाश, पिशवीकडे लक्ष ठेवून. पिशवी उजव्या हातात होती. पूल संपला, ती उजव्या हातात होती. ओट्यावर चढताना ती उजव्याच हातात होती. किती तरी दिवसांनी त्याला शीळ घालावीशी वाटली.

नळाचे पाणी आले होते. रजनी कळशी कमरेवर घेऊन त्याच्या पुढून आत गेली. बाहेरची खोली ओलांडून ती मधल्या दाराशी पोचली, थांबली, कळशी डाव्या कमरेवरून उजव्या कमरेवर घेतली, आणि स्वयंपाकघरात गेली. तिच्या ते ध्यानातही आले नव्हते. आतून भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज आला.

मुकुंद तिच्यामागून चालतच होता. मधल्या दाराशी त्याने खाली पाहिले. पिशवी डाव्या हातात होती.

कोपऱ्यातल्या खाटेवर सुभद्राबाई बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर, नाना गेल्यापासून दिसली नव्हती, अशी स्वस्थता होती.

“तू उगाच जिवाला लावून घेऊ नकोस,” त्या म्हणाल्या. “माझी काळजी मिटली आता. वेळ आली की तुला तिघेच बघायचे आहेत. आणि त्यांतला एक तू.”